बिनकेसाच्या मांजरीच्या कातडीचा रंग बदलतो तेव्हा

स्फिंक्स मांजर पाळणारे ओळखीचे लोक मला वरचेवर एकच प्रश्न विचारतात, तो म्हणजे तिच्या अंगावर तपकिरी डाग पडले आहेत, तर कोणते मलम लावावे. माझे सांगणे असे की, मलमाआधी कापूस घ्यावा. कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या कापसाने तो डाग हलक्या हाताने पुसून पाहावा. कापसावर तांबूस थर उतरला आणि खालची कातडी नितळ निघाली, तर तो डाग नसून साचलेला तेलकट मळ आहे.

या जातीची कहाणी १९६६ साली कॅनडातील टोरांटो येथे जन्मलेल्या एका बिनकेसाच्या पिल्लापासून सुरू होते. केआरटी७१ या जनुकातील दोषामुळे हिचा केस मुळाशी पक्का धरत नाही आणि गळून जातो. मात्र कातडीतील तेलग्रंथी इतर मांजरींप्रमाणेच काम करीत राहतात. केसाळ मांजरीत जे तेल केसांवर पसरून जाते, ते इथे मानेच्या घड्यांत, काखेत, शेपटीच्या बुडाशी आणि विशेषतः नखांच्या मुळाशी साचते. आमच्या मांजरीचा पंजा दाबून नख बाहेर काढले की त्याच्या भोवती काळपट, मेणासारखी कड दिसते. आठवड्यातून एकदा सौम्य शाम्पूने आंघोळ घालून अंग नीट कोरडे केले की बहुतेक मांजरींना तेवढे पुरते. रोज घासून काढल्यास कातडी कोरडी पडून चिडते, म्हणून तो अतिरेक टाळावा.

पावसाळ्यात कोकणपट्टीच्या दमट हवेत याच तेलावर मॅलॅसेझिया नावाचे यीस्ट वाढण्यास वाव मिळतो. ते निरोगी मांजरीच्या अंगावरही थोड्या प्रमाणात असते, पण फार वाढले की घड्या लालसर होतात, कुबट वास येतो आणि मांजर सतत चाटत राहते. डॉक्टर त्या जागी चिकटपट्टी दाबून, ती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, आणि यीस्ट असल्यास तिथे शेंगदाण्याच्या आकाराच्या पेशी दिसतात. औषधाने संसर्ग गेल्यावरही त्या जागेचा काळसरपणा काही आठवडे, कधी काही महिने टिकतो. याच काळात माणसे धीर सोडून औषध बदलत बसतात, याचे मला फार वाईट वाटते, कारण तो काळसरपणा बऱ्या होत असलेल्या कातडीचा असतो.

पुसून न जाणारे, खाजणारे, लाल-तपकिरी पुरळ डोके, मान किंवा पोटावर उठले, तर गोष्ट निराळी आहे. स्फिंक्स आणि डेव्हन रेक्स या जातींत अर्टिकेरिया पिगमेंटोसा हा विकार आढळतो. त्यात मास्ट पेशी, म्हणजे अॅलर्जीच्या वेळी खाज उठवणाऱ्या पेशी, कातडीत गोळा होतात. त्याचे निदान कातडीचा लहान तुकडा तपासूनच पक्के होते, नुसत्या फोटोवरून होत नाही.

उन्हाचाही विचार करावा लागतो. गुलाबी कातडीची मांजर गॅलरीत लोळत राहिली तर ती भाजते, आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने कानाच्या कडांना व नाकाला कर्करोगाचा धोका संभवतो. भर दुपारी पडदा ओढणे हा उत्तम उपाय. माणसांचे सनस्क्रीन लावू नये, कारण ती ते चाटते आणि त्यातील झिंक ऑक्साइड व सॅलिसिलेट तिला बाधतात. टी ट्री तेलही तिच्यासाठी विषारी आहे.

नारिंगी मांजरींच्या ओठांवर व पापण्यांवर वयानुसार येणारे सपाट काळे ठिपके मात्र निरुपद्रवी असतात.

हळदीविषयी मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे जखम दिसली की हात आपोआप हळदीच्या डब्याकडे जातो. बिनकेसाच्या अंगावर हळदीचा पिवळेपणा बराच काळ राहतो आणि त्याखाली खरी कावीळ झाकली जाऊ शकते. कातडी पिवळसर वाटल्यास हिरड्या, डोळ्यांचा पांढरा भाग आणि कानांची आतली बाजू उजेडात पाहावी. तिथेही पिवळेपणा असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यांकडे न्यावे. त्या वेळी कातडीवर काहीही लावलेले नसावे.