तुम्ही विचारलंत म्हणून: थ्री नॉट थ्री आणि माझा खांदा

पोलिसात होते असं सांगितलं की लोक आधी मला खालपासून वरपर्यंत बघतात. पाच फूट दोन इंच. १९८६ साली भरती झाले तेव्हा वजन शेहेचाळीस किलो. मग पोलिसांच्या जुन्या थ्री नॉट थ्री रायफलीबद्दलचा ठरलेला प्रश्न येतो, ‘‘एवढ्याशा तुम्ही, थ्री नॉट थ्री मारायचात? खांदा निखळायचा नाही?’’ लग्नात भेटलेल्या बायका विचारतात, भरतीची तयारी करणाऱ्या पोरी विचारतात. अलीकडे टेक्सासमधला माझा भाचाही विचारायला लागलाय. त्यानं हरणाच्या शिकारीसाठी हौसेनं एक दांडगी रायफल घेतली, दोनदा मारली आणि कपाटात ठेवून दिली. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं सांगून कंटाळले, म्हणून आता सगळं एकदाच सांगते.

खांदा निखळला नाही. निळा मात्र झाला, आणि तोही माझ्याच शहाणपणामुळे.

ट्रेनिंगमधला पहिला गोळीबार. त्याआधी पॉइंट टू टू, म्हणजे सरावाची छोट्या गोळीची रायफल, मारून झाली होती, ती खेळण्यासारखी वाटली होती. मग हातात ही चार किलोची जुनी बंदूक आली. लाकडी दस्ता आणि बटला, म्हणजे दस्त्याच्या मागच्या टोकाला, पितळेची बटप्लेट. उस्तादांनी हिंदीत तीन गोष्टी घोकून घेतल्या होत्या: मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, सही ट्रिगर ऑपरेशन. यातली ‘शिस्त’ मी कित्येक दिवस आपली मराठी शिस्त समजत होते. शर्टाची बटणं नीट लावा, हसू नका, अशी. इथे शिस्त म्हणजे नेम. आपल्या जुन्या मराठीतही शिस्त धरणे म्हणजे नेम धरणेच. आपण तो अर्थ विसरलो आणि फक्त दरारा ठेवला.

तर मी पोटावर आडवी झाले. माझ्या आधीच्या तुकडीतल्या मुली खांदा चोळत परत आलेल्या पाहिल्या होत्या. मग मनात आलं, ही वस्तू जरा लांब धरली तर कमी लागेल. बट खांद्यापासून बोटभर दूर ठेवला, गालही दस्त्यावर नीट टेकवला नाही, डोळे मिटले आणि चाप ओढला. खांद्यावर कुणीतरी मुसळ घातल्यासारखं झालं. उजव्या हाताचा अंगठा दस्त्यावरून पलीकडे गेलेला होता, त्याचं हाड येऊन नाकावर आदळलं आणि चमकीच्या भोकातून रक्त आलं. पाच राउंड संपले तेव्हा मी रडत नव्हते, एवढंच काय ते कौतुक.

उस्ताद काही ओरडले नाहीत. संध्याकाळी म्हणाले, ‘‘बारा नंबर, बाजार समितीत हमाल पाहिलास का कधी?’’ आमच्या कोरेगाव भागातल्या मुलीला हे विचारायला नको. पोतं अंगावर घेताना हमाल ते आधी पाठीला लावून घेतो आणि मग भार उचलतो. तेच पोतं वरून कुणी दोन हात अंतरावरून सोडलं तर तो कमरेत मोडेल. पोतं तेच, वजन तेच, फरक पडतो तो मधल्या अंतरानं.

पुढे मी स्वतः शिकवायला लागले तेव्हा हेच आकड्यांत मांडायची सवय लागली. कारण आता येणाऱ्या मुली शिकलेल्या असतात, हमालाचा दाखला त्यांना गोष्टीसारखा वाटतो. थ्री नॉट थ्रीची गोळी सव्वाअकरा ग्रॅमची, नळीतून सुटते सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगानं. तिच्या मागून जळालेल्या दारूचा वायूही त्याच दिशेनं सुसाट जातो. या दोघांना पुढे ढकलल्याची किंमत म्हणून बंदूक मागे येते. ती दोरीनं मोकळी टांगलेली असती तर सेकंदाला तीन मीटरच्या आसपास, म्हणजे सावकाश चाललेल्या सायकलच्या वेगानं आली असती. चार किलो लाकूड-लोखंड सायकलच्या वेगानं येऊन खांद्यावर आपटतंय, एवढं डोळ्यांसमोर आणा. पॉइंट टू टूची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची. तेवढ्याच वजनाच्या बंदुकीतून ती मारली तर धक्क्यातली ऊर्जा थ्री नॉट थ्रीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी भरते. म्हणून त्या सरावावरून या बंदुकीचा अंदाज बांधू नका.

आता गंमत बघा. बंदूक हा सगळा वेग पहिल्या काही मिलिमीटरमध्येच मिळवते. बोटभर अंतर ठेवलं तर ती पूर्ण वेगात येऊन धडकणार. आधीच घट्ट लावून ठेवली तर तिला एकटीला पळताच येत नाही, तिच्याबरोबर तुमचा खांदा, पाठ, सगळं धड थोडं थोडं मागे जातं. शेहेचाळीस किलोसुद्धा चारच्या मानानं बरेच असतात. म्हणून वजन कमी आहे म्हणून घाबरणाऱ्या पोरींना मी सांगते, हलक्या माणसाला लागतं जास्त असं नाही, हलक्या माणसाला ढकललं जातं जास्त. ढकललं गेल्यानं निळं पडत नाही.

घट्ट लावायची, पण कुठे? गळ्याजवळच्या आडव्या हाडावर नाही आणि दंडाच्या गोलाईवरही नाही. या दोहोंच्या मध्ये, छातीच्या वरच्या कोपऱ्यात एक खळगा असतो. उजवा कोपर जरा बाहेर उचलला की तो खोल होतो. बट तिथे बसवा. आणि बायकांसाठी एक गोष्ट, जी कुठलाही पुरुष उस्ताद लाजेनं सांगत नाही: आतल्या कपड्याच्या पट्टीची लांबी कमी-जास्त करायची ती कडी नेमकी याच जागी येते. पितळी प्लेट आणि हाड यांच्या मध्ये ती सापडली की कातडी कापते. अशी खूण घेऊन फिरणाऱ्या निम्म्या तरी मुलींचा दोष पकडीचा नसतो, कडीचा असतो. सरावाच्या दिवशी ती मागे सरकवा, नाहीतर बिनकडीचं काहीतरी घाला. मंगळसूत्र काढून ठेवा. अंबाडा इतका मागे आणि वर नको की आडवं झाल्यावर टोपी डोळ्यांवर यावी.

गाल दस्त्यावर दाबून ठेवायचा, म्हणजे डोकं बंदुकीबरोबर जातं. हलका टेकवला तर गालफडात बसते. दात मिटलेले, जीभ आत. अंगठ्याचं वर सांगितलंच आहे. डाव्या हातानं बंदूक नुसती तोलायची नाही, खांद्याकडे ओढून धरायची. आवळून थरथर येईल इतकी मात्र नाही.

उभ्यानं मारताना बायका हमखास एक चूक करतात. कमरेवर पाण्याचा हंडा घेतला की आपण दुसरीकडे कलतो, ती सवय अंगात इतकी भिनलेली असते की पुढे चार किलो आले की कंबर आपोआप मागे जाते. मग धक्का आला की टाचांवर, आणि दुसऱ्या धक्क्याला मागे पाऊल. डावा पाय पुढे, गुडघा किंचित सैल, वजन पुढच्या पायावर, कबड्डीत चढाई अडवायला उभं राहतो तसं. खरं तर उभ्यानंच धक्का सगळ्यात कमी जाणवतो, कारण कमरेपासून वरचं अंग झोक्यासारखं मागे जाऊन परत येतं. आडवं पडल्यावर अंगाला जायला जागा नसते. सगळ्यांना पहिली गोळी आडवं पडूनच मारायला लावतात, आणि त्यातूनच पहिली भीती बसते. नेमासाठी ते बरोबर आहे, खांद्यासाठी नाही.

आणखी एक, दस्त्याची लांबी. ली-एनफिल्डचा, म्हणजे आमच्या याच थ्री नॉट थ्रीचा, दस्ता हा वेगळा तुकडा असतो, आतून लांब बोल्टनं आवळलेला, आणि तो वेगवेगळ्या लांबीचा बनत असे, अर्ध्या अर्ध्या इंचाच्या फरकानं. ज्या माणसासाठी साधा दस्ता बेतला तो माझ्यापेक्षा बराच उंच. लांब दस्ता छोट्या माणसाच्या खळग्यात बसत नाही, दंडावर घसरतो. आमच्या शस्त्रागारात एक आखूड दस्त्याची बंदूक होती हे मला नोकरीच्या सातव्या वर्षी कळलं. सात वर्षं मी दंडावर सोसत होते. त्यानंतर वार्षिक सरावाला मी लवकर जाऊन रांगेत पहिली उभी राहायचे, तीच बंदूक मिळावी म्हणून.

हे झालं अंगाचं. खरी गडबड मनाची असते आणि ती पहिल्या दिवसानंतर सुरू होते.

पुढच्या सरावाला माझी पकड सुधारली होती, तरी गोळ्या खाली डावीकडे जात होत्या. उस्ताद शेजारी बसले. म्हणाले, आता बोल्टचा खटका ओढून बंदूक मी भरून देणार, तू फक्त मार. पहिली गोळी सुटली. दुसरीही. तिसऱ्यांदा चाप ओढला, नुसता ‘टक्’ आवाज आला, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं: बंदुकीचं तोंड बोटभर खाली गेलं, खांदा पुढे उसळला, पापण्या मिटल्या. आत राउंडच नव्हता. जो धक्का बसलाच नाही त्याला मी अंग चोरत होते. इतकी लाज मला नाकातून रक्त आलं तेव्हाही वाटली नव्हती.

गोळी नळीतून बाहेर पडायला सेकंदाच्या हजाराव्या भागाहून थोडाच जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात बंदूक मागे आलेली असते जेमतेम दोन मिलिमीटर. धक्का जाणवतो तेव्हा गोळी केव्हाच गेलेली असते. म्हणजे धक्क्यानं नेम चुकतो असं जे सगळे म्हणतात ते सहसा खरं नसतं. नेम चुकतो तो धक्क्याची वाट बघण्यानं. उस्तादांनी मग दहा वेळा बंदूक दिली, कधी भरलेली, कधी रिकामी, मला कळू न देता. आठव्या-नवव्या वेळेपर्यंत तोंड हलेनासं झालं. रोज संध्याकाळी रिकाम्या बंदुकीवर, चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, दोनदा तपासून, नळीवर रुपयाचं नाणं ठेवून चाप ओढायचा. नाणं पडलं की पुन्हा. यापेक्षा स्वस्त औषध मी पाहिलेलं नाही.

आणि कान. लोक खांदा खांदा करतात, पण अंग दचकतं ते निम्मं आवाजानं. त्या काळी आम्ही कानात कापसाचे बोळे घालायचो, त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, म्हणून आधी तोच जातो. माझ्या डाव्या कानात आजही रातकिडा ओरडतो, फोन उजव्या कानाला लावते. आता फोमचे बोळे मिळतात, ते नीट पिळून आत घालायचे आणि वर इअरमफ. दोन्ही एकदम. नव्या मुलीला एवढं करून उभी केली की ती म्हणते, ‘‘मॅडम, ही बंदूक हलकी आहे का?’’ बंदूक तीच असते.

नंतर एसएलआर, म्हणजे सेल्फ-लोडिंग रायफल, आली. गोळी साधारण तेवढ्याच ताकदीची, पण वायूच्या जोरावर स्वतःच पुढचा राउंड भरणारी, त्यामुळे धक्का थोडा पसरून येतो. तिच्या नळीवर वायू कमी-जास्त करायचं रेग्युलेटर असतं. घाईत कुणी ते गरजेपेक्षा जास्त बंद करून ठेवलं तर सगळा वायू आत घुसतो आणि ती उगाच जास्त लाथ मारते. इन्सास या हलक्या गोळीच्या रायफलीबद्दल बोलायलाच नको, तिची गोळी चार ग्रॅमची. तिच्यावर शिकलेली पोरं थ्री नॉट थ्री हातात आली की चेहरा पाडतात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हातात हीच, दर गोळीला हातानं बोल्ट ओढायची थ्री नॉट थ्री होती, एके-४७ समोर. त्यानंतर ती मागे पडत गेली, आणि जायलाच हवी होती. तरी माझा तिच्यावर राग नाही.

भाच्याला काय सांगितलं ते थोडक्यात. त्याची थ्री हंड्रेड विन्चेस्टर मॅग्नम आमच्या थ्री नॉट थ्रीच्या जवळपास दुप्पट जोरानं लाथ मारते. तिथे नुसती पकड पुरत नाही. रबरी पॅड लाव, पण त्यानं दस्ता लांबतो, तेवढा मागून कापून घे. बंदूक जड असेल तर कुरकुर करू नकोस. पाव किलोनंही फरक पडतो. नळीच्या तोंडाला मझल ब्रेक लावलास तर वायू बाजूला फिरतो आणि धक्का खूपच कमी होतो, पण आवाज इतका वाढतो की शेजारचा माणूस उठून जाईल. मोकळ्या कानांनी तर एकदाही मारू नकोस. दुर्बीण डोळ्यापासून तीन-चार इंच लांब बसव, नाहीतर भुवईवर अर्धचंद्र उमटेल. तो म्हणाला, ‘‘मावशी, उमटलाय.’’ बाकावर बसून वाळूच्या पिशवीवर ठेवून वीस-वीस राउंड मारत होता. दिवसाला पाच मार म्हटलं, बाकी पॉइंट टू टूवर भागव. आणि अंग चोरायला लागलास की तिथेच थांब.

धाकटी भाची गेल्या वर्षी पोलिसात लागली. पहिल्या गोळीबाराच्या आदल्या रात्री तासभर फोनवर होती: खळगा, कडी, गाल, कान, सगळं पाठ करून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. खांदा ठणठणीत, आवाजात आनंद मावत नव्हता.

‘‘मावशी, पाच मारल्या आणि टार्गेटवर सहा भोकं आहेत!’’

‘‘सहावं कुठे आहे?’’

‘‘खाली, कडेला.’’

‘‘मग शेजारच्या मुलीला आज माझा नंबर दे,’’ म्हटलं.