तुम्ही विचारलंत म्हणून: ईसीजी नॉर्मल आलाय, मग घरी का सोडत नाही?

छातीत दुखतंय म्हणून इमर्जन्सीत आलेल्या पेशंटचे नातेवाईक हा प्रश्न हमखास विचारतात, आणि प्रश्न रास्तच आहे. तिथे घाईघाईत मी दोन वाक्यांत उत्तर देते, ते पटलेलं नाही हे चेहऱ्यावर दिसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ईसीजीच्या कागदावर साधारण १० सेकंदांची नोंद असते, बस. त्या १० सेकंदांत काही सापडलं नाही एवढंच तो कागद सांगतो. हार्ट अटॅकमध्ये रक्तवाहिनीतली गुठळी कधी वाट पूर्ण अडवते, कधी थोडी सुटते, परत अडवते, आणि तसा ईसीजीपण बदलत जातो. म्हणून पेशंट आल्यापासून १० मिनिटांत पहिला ईसीजी काढायचा आणि तो साफ असला पण दुखणं चालू असलं किंवा संशय जात नसला तर पहिल्या तासात दर १५ ते ३० मिनिटांनी परत काढायचा. "आत्ताच तर काढला ना" असं म्हणतात लोक, पण दुसऱ्या-तिसऱ्या ईसीजीत चित्र पूर्ण पालटलेलं असू शकतं.

दुसरं म्हणजे, नेहमीच्या १२ लीड्स (म्हणजे हृदयाकडे वेगवेगळ्या कोनांतून बघणाऱ्या ईसीजीच्या नोंदी) हृदयाची मागची भिंत थेट बघतच नाहीत. तिथला अटॅक समोरून उलटा दिसतो, म्हणजे छातीवरच्या व्ही-१ ते व्ही-३ या लीड्समध्ये एसटी (ठोक्याच्या उंच टोकानंतरचा रेषेचा भाग) वर जायच्या ऐवजी खाली, आणि घाईत बघणाऱ्याला ते किरकोळ वाटू शकतं. अशा वेळी आम्ही इलेक्ट्रोड पाठीवर लावतो (व्ही-७ ते व्ही-९), तिथे एसटी अर्धा मिलिमीटर वर दिसली तरी पुरे. "दुखतंय छातीत आणि पट्ट्या पाठीवर का लावताय" याचं उत्तर हे. तसंच खालच्या भिंतीचा अटॅक असेल तर उजव्या बाजूनेही ईसीजी काढतो, कारण अटॅकच्या तडाख्यात हृदयाचा उजवा कप्पाही आला असेल तर जिभेखालच्या नायट्रेटच्या गोळीने बीपी धाडकन पडू शकतं.

मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते ती मात्र दुखायचं थांबलेल्या पेशंटची. छातीत दुखून गेलंय, आता एकदम बरं वाटतंय, चपला घालून निघायची तयारी, आणि ईसीजीत व्ही-२, व्ही-३ मधली टी वेव्ह (एसटीच्या पुढची लाट) आधी वर जाऊन मग खाली वळलेली किंवा खोल उलटी. याला वेलन्स सिंड्रोम म्हणतात, १९८२ मध्ये याचं वर्णन झालं. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त देणारी मुख्य नळी सुरुवातीलाच खूप अरुंद झाल्याची ही खूण. एसटी वर नाही, दुखणं नाही, पहिलं ट्रोपोनिनसुद्धा (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) नॉर्मल असू शकतं, आणि तरीही या माणसाला ट्रेडमिलवर चढवणं धोक्याचं आणि घरी पाठवणंही. त्याला अ‍ॅडमिट करून अँजिओग्राफीच हवी.

आणि मशीन कागदावर वरती जे "नॉर्मल" छापतं ना, तेच वाचून बरेच जण निर्धास्त होतात. मी ती ओळ आधी वाचतच नाही. आधी पेशंटकडे बघते, घाम सुटलाय का, दुखणं हातात-जबड्यात जातंय का, डायबेटिस आहे का (त्यांना आणि वयस्करांना कधीकधी दुखतच नाही, नुसती धाप लागते), मग एकेक लीड. एव्हीएल या लीडमध्ये एसटी जराशी खाली गेलेली दिसली की लगेच खालच्या भिंतीकडे बघणारी लीड-३ परत बघते, कारण खालच्या भिंतीच्या अटॅकची पहिली चाहूल बऱ्याचदा एव्हीएलमध्येच लागते.

उलटंही होतं हं. एसटी वर दिसली म्हणजे अटॅकच असं नाही, हृदयाच्या आवरणाला सूज, जुन्या बीपीमुळे जाड झालेलं हृदय, काही तरुणांमध्ये तर ते नॉर्मलच. पण अटॅक स्पष्ट दिसला तर रक्ताच्या रिपोर्टसाठी आम्ही थांबत नाही, डॉक्टरांची पहिली गाठ पडल्यापासून ९० मिनिटांत ब्लॉक उघडायचा हे टार्गेट असतं, तेव्हा घाई आम्हीच करतो.

ईसीजी साफ असेल तेव्हा रक्तातलं ट्रोपोनिन बघायचं. ते वाढायला वेळ लागतो, त्यामुळे लवकर आलेल्या पेशंटचं पहिलं सॅम्पल फसवू शकतं. नव्या हाय सेन्सिटिव्हिटी टेस्टला १ ते ३ तासांनी दुसरं सॅम्पल, जुन्या पद्धतीच्या टेस्टला ३ ते ६ तासांनी. तुम्हाला बसवून ठेवतो ते मुख्यतः यासाठी.

एक काम तुम्ही करू शकता. घरातल्या मोठ्यांचा एखादा जुना ईसीजी असेल तर त्याचा नीट फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. समोर दिसणारा बदल आजचा की पाच वर्षांपूर्वीचा, हे त्या एका फोटोवरून लगेच कळतं, आणि रात्री दोन वाजता कपाटातली फाइल कोणालाच सापडत नाही.