आमची वाटचाल: सुई, दाते आणि हूक

सोलापुरात आमचं शिलाई मशीनचं दुकान आहे, विक्री, दुरुस्ती, स्पेअर पार्ट सगळं, आण्णांनी म्हणजे माझ्या वडिलांनी सुरू केलं आणि आता मी आणि धाकटा भाऊ सांभाळतो. वाटचाल लिहा म्हणून घरचे बरेच दिवस मागे लागले होते. दुकान कधी उघडलं, गाळा कधी मोठा केला हे लिहिता येईल पण त्यात वाचणाऱ्याला काय मिळणार, आमच्या धंद्याची खरी गोष्ट मशीनच्या आत आहे, म्हणून मी तिथूनच सांगतो.

आण्णा मूळचे टेलर. दुसऱ्याच्या दुकानात पीसवर शिवायचे. मशीन बंद पडलं की पीस बंद, पीस बंद की पैसे बंद, मेकॅनिक यायचा तेव्हा यायचा, म्हणून त्यांनी स्वतःच मशीन उघडायला सुरुवात केली. त्यांना शिकवलं एका वयस्कर मिस्त्रींनी, आणि त्यांची शिकवायची पद्धत अशी की पार्ट काढून हातात द्यायचा आणि विचारायचं, हा नसता तर काय अडलं असतं सांग. उत्तर येईपर्यंत पुढचा पार्ट नाही. आण्णांनी तोच प्रश्न आम्हा भावांना विचारला आणि आमच्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला आम्ही आजही तोच विचारतो, कारण शिलाई मशीनमधला जवळजवळ प्रत्येक पार्ट हा कुणीतरी कुठेतरी अडल्यावर काढलेला तोडगा आहे आणि ती अडचण कळली की बिघाड आपोआप सापडतो.

सुईच घ्या. हातशिलाईच्या सुईला भोक मागच्या बाजूला, त्यामुळे अख्खी सुई कापडातून आरपार जावी लागते, आणि मशीनला तेच जमत नव्हतं. भोक टोकाजवळ नेलं की सुई नुसती बुडी मारून परत येते, खाली धाग्याचा एक लूप सोडते, त्या लूपमधून खालचा धागा गेला की टाका अडकला. न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंटने १८३० च्या दशकात असं मशीन बनवलं होतं पण पेटंट घेतलं नाही (सेफ्टी पिनही त्याचीच). मग मॅसॅच्युसेट्सच्या एलायस हौने स्वतःच्या डोक्याने तसंच केलं आणि १० सप्टेंबर १८४६ ला पेटंट मिळवलं. मिनिटाला अडीचशे टाके. त्याने पाच शिवणकाम करणाऱ्या बायकांबरोबर शर्यत लावून मशीन पुढे काढून दाखवलं होतं.

पण हौचं मशीन आज तुमच्यासमोर ठेवलं तर तुम्ही त्यावर साधा परकर शिवू शकणार नाही. सुई वाकडी, आडवी चालणारी. कापड उभं टांगायचं, एका धातूच्या पट्टीला असलेल्या टाचण्यांमध्ये अडकवून, ती पट्टी टाक्याटाक्याने पुढे सरकायची आणि टोकाला पोचली की मशीन थांबवायचं, कापड काढायचं, पट्टी मागे घ्यायची, परत कापड अडकवायचं. म्हणजे शिवण सरळच आणि तीही पट्टीच्या लांबीएवढीच, गळा नाही, मुंढा नाही, काहीच वळवता येत नाही. टाका कसा बसवायचा हे सुटलं होतं, कापड कसं सरकवायचं हे सुटलं नव्हतं. हा फरक मी पोरांना पहिल्याच आठवड्यात समजावतो कारण आमच्याकडे येणाऱ्या तक्रारी याच दोन गटात पडतात, एक तर टाका नीट बसत नाही नाहीतर कापड नीट सरकत नाही, आणि पहिलं काम म्हणजे गिऱ्हाईकाच्या बोलण्यातून यातलं कुठलं आहे ते ओळखणं. म्हणून आम्ही मशीन उघडायच्या आधी इतके प्रश्न विचारतो.

आयझॅक सिंगरचं नाव सगळ्यांना माहीत आहे. १८५० मध्ये बोस्टनला ऑर्सन फेल्प्सच्या वर्कशॉपमध्ये तो दुसऱ्याच कंपनीचं, लेरो आणि ब्लॉजेटचं मशीन बघत होता. त्या मशीनचं शटल, म्हणजे खालचा धागा लूपमधून नेणारा पार्ट, गोल फिरायचं आणि प्रत्येक फेरीला धाग्याचा पीळ बिघडायचा, मग धागा तुटायचा. सिंगरने शटल सरळ मागेपुढे केलं, सुई सरळ करून वरून खाली आणली, कापड आडव्या टेबलावर घेतलं, वरून दाबायला स्प्रिंगचा फूट दिला, पुढे पायाने चालवायची सोय केली. १२ ऑगस्ट १८५१ चं पेटंट आहे. वर हात असलेला, खाली सपाट टेबल असलेला, आज आपण ज्याला मशीनचा आकार म्हणतो तो तिथून पुढे कायम राहिला.

त्यात एक गोष्ट सिंगरने स्वतः सांगितलेली आहे आणि ती मला फार आवडते. मशीन जोडून झालं, रात्र झाली, टाका काही बसेना, सगळे वैतागून निघून गेले, आणि परत जाताना रस्त्यात बोलता बोलता कापडावर सुटलेल्या सैल लूपांचा विषय निघाला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की सुईच्या धाग्याला टेन्शन म्हणजे ताणच दिलेला नाही. परत गेले, टेन्शन दिलं, मशीन चाललं. आमच्याकडे रोज कुणीतरी ताई मशीन घेऊन येते आणि सांगते की खाली नुसता गुंता होतोय, बॉबिन (खालच्या धाग्याची छोटी रीळ) बदला, ती जिच्यात बसते ती डबी बदला. खाली गुंता दिसतोय म्हणजे बहुतेक वेळा गडबड वर असते, वरचा धागा टेन्शनच्या दोन चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो, नाहीतर चकत्यांमध्ये जुन्या धाग्याचा तुकडा अडकलेला असतो. तो काढायचा, धागा नीट ओवून द्यायचा, पैसे घ्यायचे नाहीत, ही आण्णांची पद्धत आम्ही अजून मोडलेली नाही.

आता ज्यांच्याबद्दल मला मनापासून लिहायचं आहे ते अ‍ॅलन विल्सन. नाव फारसं कुणी घेत नाही, त्यांच्या मशीनवर नाव व्हीलर अँड विल्सन असायचं आणि ती कंपनीही पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिंगरनेच घेतली. हा माणूस फर्निचर बनवणारा सुतार. शिलाई मशीन कधी बघितलेलं नसताना त्यांनी ते डोक्यात रचलं आणि १८५० मध्ये पहिलं पेटंट घेतलं, दोन्ही टोकांना अणी असलेलं शटल, जाताना एक टाका आणि येतानाही एक टाका. त्यावर दुसऱ्या लोकांनी आमचाच हक्क आहे म्हणून भांडण काढलं तेव्हा विल्सननी शटलच सोडून दिलं आणि खाली फिरणारा हूक बनवला. त्याचं पेटंट १२ ऑगस्ट १८५१ चं, म्हणजे सिंगरच्या पेटंटचाच दिवस. हूक सुईच्या धाग्याचा लूप पकडतो, मोठा करतो आणि जागेवर बसलेल्या चपट्या बॉबिनवरून फिरवून आणतो. इथे जायचं, थांबायचं, परत यायचं हे काहीच नाही, एकाच दिशेला फिरणं, म्हणून झटका नाही, आवाज कमी आणि वेग वाढवायला मोकळीक. आज कारखान्यातलं साधं सिंगल नीडल मशीन मिनिटाला पाच हजार टाके मारतं ते याच फिरणाऱ्या हूकवर, प्रत्येक टाक्याला हूकच्या दोन फेऱ्या होतात. घरातल्या काळ्या मशीनचा हूक पूर्ण फिरत नाही, अर्धवट जाऊन परत येतो, म्हणून ते इतकं पळू शकत नाही आणि पळवलं तर खडखडतं.

आणि तरी हूक हे विल्सनचं मोठं काम नाही असं आण्णा म्हणायचे, मोठं काम दाते. सिंगरच्या मशीनमध्ये कापड सरकवायला खाली खरखरीत चाक होतं, ते सतत कापडाला चिकटलेलं. विल्सननी सुईखालच्या प्लेटमधून डोकावणारे, चार हालचालींचे दाते केले, पेटंट १९ डिसेंबर १८५४: दाते वर येतात, कापड पुढे नेतात, खाली बसतात, खालच्या खाली मागे जातात. बस एवढंच. पण दाते खाली असताना सुई कापडात असते आणि कापड मोकळं असतं, म्हणजे त्या क्षणी सुईभोवती कापड हवं तसं फिरवता येतं. कॉलरचं टोक, खिशाचा कोपरा, गळ्याची गोलाई, सगळं त्या एका मोकळ्या क्षणावर उभं आहे. पुढे बाकीच्या कंपन्यांनाही हेच वापरावं लागलं आणि आज जगात कुठलंही साधं मशीन उघडा, दाते चार हालचालींचेच आहेत.

आमचं दुकान वर आलं ते याच ज्ञानावर. सोलापुरात युनिफॉर्मचं काम मोठं आहे, शाळेचे युनिफॉर्म इथून बाहेर जातात, आणि घरगुती मशीनवरून आम्ही कारखान्याच्या मशीनकडे वळलो ते एका युनिटच्या कॉलरच्या तक्रारीमुळे. कॉलरचं टोक वळवताना कापड ओढलं जायचं, टोकं वाकडी यायची, मालक कारागिरांना बोल लावत होते. भावाने चाक हाताने फिरवून बघितलं तर सुई कापडात शिरली तरी दाते प्लेटच्या वरच. सुई प्लेटपाशी पोचते तेव्हा दाते प्लेटच्या बरोबरीला उतरलेले पाहिजेत, हा नियम. टायमिंग लावलं, दात्यांची उंची कमी केली, कॉलर सरळ. त्या मालकांनी मग दुसऱ्यांना सांगितलं, त्यांनी तिसऱ्यांना, आणि एकेक करत युनिटची वार्षिक देखभाल आमच्याकडे येत गेली. जाहिरात आम्ही कधी केली नाही.

स्पेअर पार्टचं काम त्यानंतर वाढलं, आणि यातही जुना इतिहास आहे. सुरुवातीला सिंगरच्या कारखान्यात पार्ट हाताने कानस मारून एकमेकांत बसवायचे, एका मशीनचा पार्ट दुसऱ्यात बसेलच असं नव्हतं. व्हीलर अँड विल्सनने ब्रिजपोर्टच्या कारखान्यात बंदुकीच्या कारखान्यातली माणसं आणून मापात पार्ट बनवायला घेतले, सिंगरला तिथपर्यंत पोचायला १८८० चं दशक उजाडलं. तेव्हापासून सिंगरच्या १५ नंबरच्या मॉडेलचा साचा इतका पक्का झाला की आपल्याकडे उषा असो की लुधियानाची मशीनं, काळं घरगुती मशीन म्हणजे बहुतेक तोच वंश, आणि म्हणून आजीच्या मशीनला आज बनलेली डबी बसते. बसते, पण सगळ्यांची मापं सारखी असतात असं नाही. मध्यंतरी एका पुरवठादाराकडून आलेल्या हूकच्या लॉटमध्ये अणीला धार राहिलेली होती, धागा चिरायचा. अख्खा लॉट बाजूला काढला, आणि आता कुठलाही नवीन हूक काउंटरवर यायच्या आधी त्याच्या अणीवरून सुती धागा ओढून बघतो, नखाने तपासतो, मगच विकतो.

हप्त्यावर मशीन देणं हेही आम्ही पहिल्यापासून करतो. लोकांना वाटतं ही आपल्याकडची पद्धत, पण सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क १८५६ मध्येच पाच डॉलर हातावर घेऊन मशीन घरी पाठवायला लागला होता. त्याच वर्षी हौ, सिंगर, व्हीलर अँड विल्सन आणि ग्रोव्हर अँड बेकर यांनी कोर्टातली भांडणं मिटवून पेटंट एकत्र केली आणि बाकीच्या बनवणाऱ्यांकडून मशीनमागे १५ डॉलर घ्यायला लागले, त्यातलं शेवटचं पेटंट १८७७ ला संपलं तेव्हा मशीन स्वस्त झाली. आमच्याकडे हप्ता घेणाऱ्या बहुतेक घरी फॉल-पिको, ब्लाऊज शिवणाऱ्या बायका. मशीन घरात आलं की ते स्वतःच स्वतःचा हप्ता फेडतं, आणि हप्ता बुडाला असं फार क्वचित झालंय, तेही आजारपणामुळे.

सध्या सर्वो मोटरची, धागा आपोआप कापणारी मशीनं येतात, त्यांचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला की भाऊ बघतो, त्याने त्याचं शिक्षण घेतलंय. पण बोर्ड ठीक असताना टाका सुटायला लागला तर काम तेच, सुई एकदम खालून जेमतेम दोन मिलिमीटर वर आली की हूकची अणी भोकाच्या किंचित वर सुईला भेटली पाहिजे आणि दोघांत कागदाएवढीही फट नको. हे लावायला पोराला वर्ष जातं आणि आम्ही घाई करत नाही. दोन मुली पण शिकायला आहेत आता, त्यातली एक हूकचं टायमिंग माझ्यापेक्षा लवकर लावते.

पुढे आम्हाला जुन्या लांब शटलच्या मशीनचा वेगळा कोपरा करायचा आहे, कारण ती मशीनं अजून घराघरात आहेत, स्कॉटलंडच्या क्लाइडबँकच्या कारखान्यातून आलेली सुद्धा, फक्त शटल आणि बॉबिन मिळत नाही म्हणून माळ्यावर पडलेली. भंगारात देऊ नका, आधी आम्हाला दाखवा. आणि कुठलंही मशीन दुरुस्तीला आणाल तेव्हा सुई, धागा आणि बॉबिन काढून न ठेवता तसंच आणा, आणि ज्या कापडावर त्रास होतोय त्याचा वीतभर तुकडा बरोबर आणा, आमच्या चिंधीवर मशीन छान चालतं आणि घरी गेल्यावर तुमच्या कापडावर परत टाका सोडतं, तो हेलपाटा वाचेल.