चौथ्या पिढीचा डेस्कटॉप: कुठवर खर्च करायचा, कुठे थांबायचं

मशीन असं आहे: इंटेल आय५-४५७०, एच८१ चिपसेटचा (बोर्डावरचे भाग जोडणारी मुख्य चिप) मदरबोर्ड, ४ जीबी रॅमची (डीडीआर३, म्हणजे जुन्या प्रकारची) एकच पट्टी, १ टीबी हार्ड डिस्क, लोकल एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा), विंडोज १०. प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीचा, २०१३ चा. काम ब्राउझर, टॅली आणि थोडं डीटीपीचं, गेम नाहीत. तक्रार अशी की चालू व्हायला चार मिनिटं लागतात आणि दुपारी दहा टॅब उघडले की सगळं अडकतं.

नोंद १: तापमान

तक्रारीतला ‘दुपारी’ हा शब्द सोडून चालणार नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा कूलर लावूनही खोली ३५-३६ अंशांवर असते. प्रोसेसरला पूर्ण काम (लोड) देऊन एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहिलं तर त्याचे कोअर ९९ अंशांवर. या प्रोसेसरची हद्द १०० अंश आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे मशीन जुनं झालंय की नुसतं तापलंय, हे साफसफाईआधी कळतच नाही.

कॅबिनेट उघडलं तर हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता खेचणारा धातूचा भाग) पात्यांवर धुळीची घट्ट खपली. खिडकीतल्या कूलरची ओलसर हवा थेट कॅबिनेटवर येत असेल तर धूळ भिजून वाळते, आणि मग ब्लोअरने ती हलत नाही. पंखा काढून ब्रशने खरवडावी लागते. त्याच ओलीमुळे स्क्रूंवर गंज होता आणि रॅमचे कॉन्टॅक्ट काळवंडले होते. खोडरबराने घासले की स्वच्छ होतात. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर पंखा वाऱ्याने भन्नाट फिरून बेअरिंग जातं.

प्रोसेसरवरचा इंटेलचा मूळ कूलर (हीटसिंक आणि पंखा) चार पुश पिनांवर बसतो. काढताना पिन बाणाच्या दिशेने पाव वळसा फिरवून वर ओढायची. लावताना चारही पिना आधी मूळ जागी फिरवून घ्या, मग तिरप्या जोडीने दाबा. प्रत्येकीचा ‘टक’ आवाज आला पाहिजे. हमखास चूक इथेच होते: एक पिन अर्धवट बसते, कूलर एका बाजूने उचललेला राहतो आणि नवी थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी) लावूनही तापमान उतरत नाही. बोर्डाच्या मागून चारही पिना आरपार आल्यात का ते पाहा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, नवी वाटाण्याएवढी. आता ३६ अंशांच्या खोलीत पूर्ण लोडवर ७४.

नोंद २: डिस्क आणि रॅम

डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळा इशारा दिसला: सी५ म्हणजे वाचता न येणारे, प्रलंबित सेक्टर २४. अशा डिस्कवर दुरुस्तीचा स्कॅन चालवू नका, तिच्यावर ताण वाढतो. आधी डेटा बाहेर काढा. थेट क्लोन (हुबेहूब नक्कल) करण्यापेक्षा नव्या एसएसडीवर कोरं विंडोज टाकणं बरं.

सव्वादोनशे-अडीचशे जीबीची साधी साटा (केबलने जोडायची) एसएसडी पुरते. एच८१ वर चार साटा पोर्ट असतात, त्यांतले दोनच ६ जीबीपीएसचे; एसएसडी त्यांपैकी एकात लावा. एनव्हीएमईच्या (जास्त वेगवान प्रकारच्या एसएसडीच्या) भानगडीत पडू नका. बोर्डाच्या पीसीआयई खाचेत बसणाऱ्या कार्डावर ती दिसेल, पण या काळातले बहुतेक बायोस (बोर्डाचा मूळ प्रोग्रॅम) तिच्यावरून बूट करत नाहीत.

रॅम ८ जीबीच्या दोन पट्ट्या. बोर्डाची कमाल १६ जीबीच आहे. बर्डीत (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) किंवा ऑनलाइन ८ जीबी डीडीआर३ फारच स्वस्त दिसली तर ‘फक्त एएमडीसाठी’ असं लिहिलंय का ते वाचा. तिच्या चिपची रचना वेगळी असते आणि इंटेलच्या बोर्डावर ती चालत नाही. बदलून देण्याची बोली करूनच घ्या.

बटण दाबल्यापासून डेस्कटॉप येईपर्यंत आता २५ सेकंद.

नोंद ३: इथे थांबलं

यापुढचा खर्च या बोर्डावर करू नये, असं स्पष्ट मत आहे. आय७-४७७० बसतो, पण या कामात फरक जाणवणार नाही. ग्राफिक्स कार्डाचंही तसंच: एच८१ पीसीआयई २.० वर चालतो, त्यामुळे आरएक्स ६४०० सारखं चारच लेनचं (डेटाच्या वाटांचं) कार्ड इथे बरंच मंदावतं. यूट्यूबचा ४के व्हिडिओ मात्र अडखळू शकतो, कारण या पिढीच्या ग्राफिक्सला व्हीपी९ (यूट्यूब वापरतं ती व्हिडिओ पद्धत) पूर्णपणे हार्डवेअरवर उलगडता येत नाही. १०८० वर पाहा.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढे. टॅलीसाठी विंडोज लागतंच, म्हणून वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करून ठेवली आहे. फक्त ब्राउझिंगचं मशीन असतं तर लिनक्स मिंट (मोफत ऑपरेटिंग सिस्टीम) टाकून मोकळे झालो असतो.

बदलायची वेळ कधी? बोर्डावरचे कपॅसिटर (छोटे गोल डबे) फुगले तर लगेच; जुना बोर्ड शोधत फिरू नका. नवा घेताना प्रोसेसर, बोर्ड, रॅम तिन्ही एकदमच बदलतात. डीडीआर३ पुढे उपयोगाची नाही. एसएसडी आणि कॅबिनेट नव्यात जातील. रायझन ५ ५६००जी किंवा आय३-१२१०० पुरेसा आहे, दोन्हींत ग्राफिक्स आतच आहे.

एसएमपीएसची १२ व्होल्टची लाइन लोडवर मल्टिमीटरने मोजली: ११.५. चालतं ११.४ ते १२.६, म्हणजे अगदी काठावर. तो या आठवड्यात बदलायचा आहे, चांगल्या कंपनीचा ४५० वॅटचा; नव्या मशीनलाही तोच चालेल. जुना ६०० व्हीएचा यूपीएस त्याच्यासोबत टिकतो का, हे लाइट घालवून तपासायचं आहे. अॅक्टिव्ह पीएफसीचा (वीज खेचण्याची पद्धत सुधारणारी सोय असलेला) एसएमपीएस काही स्वस्त यूपीएसवर बॅटरीला जाताच बंद पडतो.