काटा पंधरावर, तरी कल्चर पॉझिटिव्ह

मिरज म्हणजे वैद्यकीय पंढरी, हे आता शाळकरी पोरंही सांगतात. डॉ. विल्यम वॉनलेस 1889 मध्ये भारतात आले, 1894 मध्ये इथं मिशन हॉस्पिटल उभं राहिलं आणि तेव्हापासून कर्नाटकातून, कोकणातून पेशंटांची रीघ लागली. इथल्या सर्जनांची नावं गावोगाव माहीत आहेत. पण त्यांच्या हातातल्या कात्र्या-चिमटे ज्या मशीनमधून निर्जंतुक होऊन येतात, ते मशीन कोण बनवतं हे कुणी विचारत नाही. आम्ही बनवतो. नव्वदच्या दशकापासून, कुपवाड एमआयडीसीतल्या शेडमध्ये, ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेनं जंतू मारणारं मशीन. वैद्यकशास्त्राचं भविष्य, नेतृत्व, इनोव्हेशन यावर मोठमोठ्या हॉलमध्ये भाषणं होतात, आमच्यासारख्यांना तिथं खुर्चीसुद्धा मिळत नाही. मनात ते सलतं, म्हणून लिहायला बसलोय.

सुरुवात मी आणि मिस्त्रीमामांनी केली. भांडवल माझं, हात त्यांचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरातून एक जुना लेथ उचलला, बेड घासलेला होता, तो मामांनी स्वतः स्क्रेपरनं मारून सरळ केला. उंचवटे दिसावेत म्हणून निळा रंग लावायचा, घासायचा, परत निळा. आर्गन वेल्डिंगला तेव्हा सांगलीत फार माणसं नव्हती. मामा टॉर्च धरायचे तेव्हा श्वास सोडतानाही मनगट हलायचं नाही. शेलचा, म्हणजे मशीनच्या टाकीचा, उभा जोड आतून पाहिला तर सगळीकडे सारखी रुंदी, कुठं काळं नाही, कुठं खड्डा नाही. हायड्रो टेस्टला पाणी भरून दीडपट दाब देऊन ते जोडावरून बोट फिरवत बसायचे. बोट ओलं लागलं की जोड ग्राइंडरनं काढून पुन्हा पहिल्यापासून. आजही आमच्याकडे हीच पद्धत आहे आणि नवीन पोरं कुरकुरतात, ती कुरकुर मी ऐकून घेत नाही.

आमचं मशीन खऱ्या अर्थानं घडवलं ते मिरजेच्या एका थिएटर सिस्टरनी. त्या आमच्या पहिल्या गिऱ्हाईक, आणि आजपर्यंतच्या. एके दिवशी फोन आला, "भाऊ, तुमचा काटा पंधरावर असतो, टेपवर काळ्या रेघा येतात, तरी ड्रमच्या मधोमध ठेवलेली स्पोअर स्ट्रिप पॉझिटिव्ह का येते?" मी आणि मामा लगेच निघालो. ड्रमला, म्हणजे अवजारांच्या डब्याला, चिकटवलेल्या टेपच्या रेघा उष्णता लागल्याचं सांगतात, जंतू मेल्याचं नाही. ते कळतं स्ट्रिपवरचे जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या चिवट जंतूचे स्पोअर, म्हणजे बीजाणू, मेले की नाहीत त्यावरून. कल्चरमध्ये ते वाढले, तर पॉझिटिव्ह. आणि काटा फक्त दाब सांगतो. 15 पौंडाला आत नुसती वाफ असेल तर 121 अंश मिळतात. निम्मी हवा आत राहिली तर 112 च्या आसपास. हवा अजिबात बाहेर गेली नाही तर 100, आणि काटा मात्र तिन्ही वेळा पंधराच.

तेव्हा आमच्याकडचे बहुतेक कारखानदार हवा सोडायचा व्हॉल्व्ह झाकणावर बसवायचे. हवा वाफेपेक्षा जड, ती तळाशी बसते, ड्रममध्ये अडकते. सिस्टर म्हणाल्या, "मला खालचं टेंपरेचर दाखवा, वरचं नको." मग आम्ही दुहेरी भिंत केली, वाफ वरून आत घेतली, निचरा तळातून काढला, तिथं हवा-पाणी सोडून वाफ अडवणारा स्टीम ट्रॅप बसवला आणि थर्मामीटरचा पॉकेट थेट त्या निचऱ्याच्या पाइपात घातला. सगळ्यात थंड जागा तीच. ती 121 ला पोचली की मगच वेळ मोजायची. ही कल्पना जगात पहिली नव्हती. पॅरिसमध्ये पाश्चरच्या प्रयोगशाळेत शार्ल शांबरलाननं 1879 मध्ये ऑटोक्लेव्ह केला, त्यानंतर परदेशातल्या मोठ्या मशीनांत हे सगळं आलं. पण आमच्या भागातल्या दहा खाटांच्या दवाखान्याला परवडेल अशा मशीनमध्ये ते आणण्याचा हट्ट सिस्टरांनी धरला, आणि डोकं लावून ते बसवलं आम्ही. याला मी नेतृत्व म्हणतो. सिस्टरांचं.

पाचगणीच्या एका दवाखान्याला मशीन दिलं तेव्हाही याचाच उपयोग झाला. पाचगणी चार हजार फुटांहून उंच. तिथं हवेचा दाब कमी, म्हणून गेजवर 15 दिसले तरी आत 121 होत नाहीत. दर हजार फुटांना साधारण अर्धा पौंड वाढवून धरावा लागतो. निचऱ्यात थर्मामीटर असल्यामुळे तिथल्या पोराला हिशेब करावा लागला नाही.

मग तो डीलर आला. नाव घेत नाही, पुण्याकडचा. सुरुवातीला ऑर्डरी भरपूर, पैसेही वेळेवर. पुढं बिलं थकायला लागली. लहान उद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या आत द्यावेत, असा कायदा 2006 पासून आहे. तो त्याला दाखवला, तर म्हणाला, "तुम्हाला धंदा करायचाय का कोर्टात जायचंय?" तोवर आमची ड्रॉइंग घेऊन त्यानं दुसरीकडे मशीनं करून घ्यायला सुरुवात केली होती. त्याच्या कॅटलॉगवर फोटो आमच्याच मशीनचा. दाराच्या चाकावर मामांनी पकडीसाठी स्वतःच्या नमुन्याच्या खाचा (नर्लिंग) पाडलेल्या, त्या फोटोत स्पष्ट दिसत होत्या. मामांनी तो कागद हातात धरला आणि बराच वेळ खाली ठेवलाच नाही.

त्याचा भाव आमच्यापेक्षा खूप खाली. कारण स्टेनलेस स्टीलचा पत्रा 304 ऐवजी 202 या स्वस्त ग्रेडचा आणि जाडीही कमी. टेंडरमध्ये सगळ्यात कमी दर त्याचा, ऑर्डर त्याला. टर्नओव्हरच्या अटीमुळे आमचं पाकीट उघडलंच गेलं नाही. खेळत्या भांडवलाचं सीसी कर्जखातं बँकेनं गोठवलं, घरातलं सोनं तारण गेलं, दोन कामगारांना मी स्वतः दुसरीकडे लावून दिलं. शेडचं भाडं थकलं. मामा पगार न घेता येत राहिले.

वाचलो ते रिपेअरिंगवर. सिस्टरांनी ओळखीच्या सगळ्या थिएटरांत सांगून टाकलं, गॅस्केट, हीटर, सेफ्टी व्हॉल्व्ह, काय असेल ते कुपवाडला पाठवा. तासगाव, जत, विटा, कऱ्हाड, सगळीकडून कामं आली. आणि काही काळानं त्या डीलरचीच मशीनं आमच्या दारात यायला लागली. वेल्डिंगच्या कडेनं बारीक भोकं पडलेली. आमच्याकडे बोअरचं पाणी क्षाराचं, त्यापुढं 202 टिकत नाही. सेफ्टी व्हॉल्व्ह तर एकाचा साफ जाम. अशा मशीनसमोर एखादी मावशी रोज उभी राहत होती, याचा मला आजही संताप येतो.

म्हणून दवाखानेवाल्यांना सांगतो. चुंबक लावून पत्रा पारखू नका, 202 लाही चुंबक धरत नाही. मँगनीज तपासायच्या द्रावणाची छोटी बाटली बाजारात मिळते, एक थेंब टाका, 202 असेल तर लाल होतो. 202 मध्ये निकेल वाचवायला मँगनीज घातलेलं असतं, ते तिथं पकडलं जातं. हीटरच्या टाकीत आरओचंच पाणी घाला. सेफ्टी व्हॉल्व्ह महिन्याला हातानं उचलून बघा. आणि 2020 च्या एप्रिलपासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषध कायद्याखाली आली, त्याची कटकट म्हणून ओरडणाऱ्यांत मी नाही. कागद मागा, आमच्याकडेही मागा.

आता दुर्बिणीच्या ऑपरेशनांची अवजारं आली. लांब, पोकळ नळ्या. रोबोटनं ऑपरेशन केलं तरी त्याची अवजारं शेवटी धुवून निर्जंतुक करावीच लागतात. नळीतली हवा नुसत्या निचऱ्यानं निघत नाही, ती व्हॅक्यूम पंपानं ओढावी लागते. तसं मशीन आम्ही केलंय, 134 अंशाचं. हवा पूर्ण निघते का हे बघायला रोज सकाळी रिकाम्या चेंबरमध्ये बोवी-डिक टेस्टचं पाकीट ठेवायचं, साडेतीन मिनिटं. कागदाचा रंग मधोमध आणि कडेला सगळीकडे सारखा बदलला तरच पुढचं काम. या मशीनचा कंट्रोलर माझ्या पुतणीनं लिहिलाय, विश्रामबागच्या वालचंद कॉलेजला शिकली ती. निचऱ्याचं टेंपरेचर गाठल्याशिवाय वेळ सुरूच होत नाही आणि दाब शून्य झाल्याशिवाय दार उघडत नाही.

सिस्टर रिटायर झाल्यात, तरी नवीन मशीन त्यांना दाखवल्याशिवाय आम्ही पाठवत नाही. परवा येऊन गेल्या. दोन चक्कर मारल्या, दार चार वेळा उघडलं-लावलं आणि म्हणाल्या, "हँडल उंच आहे भाऊ, बुटक्या पोरींचा खांदा जाईल." मामांनी तिथंच खडूनं खूण केली. हँडल दोन इंच खाली घेऊन ड्रॉइंग बदललंय.