चॉसर, नोंद सातवी: शेवटचा ‘ई’ बोलू लागला, पण आठवी ओळ अडली

मंडळी, तीन आठवडे छळणारं कोडं रविवारी सुटलं. चॉसर या चौदाव्या शतकातल्या इंग्रजी कवीच्या ‘कँटरबरी टेल्स’च्या पहिल्या अठरा ओळी मूळ उच्चारांत पाठ म्हणायच्या, हे मागच्या नोंदींत आलंच आहे. स्वर बसले होते. ‘हाऊस’ला ‘हूस्’ म्हणायला मराठी जिभेला कष्ट पडत नाहीत. अडत होतं ते शब्दाच्या शेवटी लिहिलेल्या ‘ई’वर, म्हणजे e या अक्षरावर; म्हटला तर त्याचा उच्चार ‘अ’ होतो. (खाली हलन्त दिलाय तिथे व्यंजन तोडायचं, नसेल तिथे शेवटचा अ पूर्ण म्हणायचा.)

पुढे स्वर आला की हा ‘ई’ गिळायचा, एवढं ठाऊक होतं. पण सातव्या ओळीतला सूर्य ‘द युंग सुन्न’ आणि पुढे सरदाराचा मुलगा येतो तो नुसता ‘अ युंग् स्क्विएर्’. शब्द एकच (‘युंग’ म्हणजे तरुण), कवी एकच, मग एकीकडे ‘ई’ का आणि दुसरीकडे का नाही?

रविवारी सकाळी शेजारची मुलं मनाचे श्लोक म्हणत होती. ‘गणाधीश जो ईश सर्वां गुणांचा.’ बोलताना आपण ‘ईश्’ म्हणतो, पण श्लोकात दोन्ही ‘श’ पूर्ण म्हणावे लागतात, नाहीतर भुजंगप्रयाताची बारा अक्षरं भरत नाहीत. मी तशीच वही ओढली आणि पेन्सिलीने पाचव्या ओळीवर ठिपके देत गेले: व्हान् झे-फि-रुस् एक् विथ् हिस् स्वे-ट ब्रेथ्. ‘ट’ पूर्ण म्हटला की चॉसरच्या ओळीला लागतात ती बरोबर दहा अक्षरं. तोडला तर नऊ, आणि ओळ लंगडते.

त्या धाग्याने व्याकरणाची पुस्तकं पुन्हा उघडली. जुन्या इंग्रजीत विशेषणाची दोन रूपं होती. ‘चांगला राजा’ म्हणजे ‘गोड् क्युनिंग्’, पण ‘तो चांगला राजा’ म्हटलं की ‘से गोडा क्युनिंग्’. चॉसरच्या काळापर्यंत बाकीचे प्रत्यय जवळजवळ झिजले होते, पण ‘द’, ‘हिस्’ असं काही आधी आलं की विशेषणाला हा अ अजून चिकटत होता. म्हणून ‘द युंग’, ‘हिस् स्वेट’, पण ‘अ युंग्’. शेकडो वर्षांच्या विभक्तीचा हा शेवटचा अवशेष वृत्तात जपला गेलाय! त्या दिवशी सातवी ओळ दहा वेळा तरी म्हटली असेन.

हा अ पुढे बोलण्यातून गेला आणि वाचकांच्या कानातूनही गेला. कवी ड्रायडनने १७०० साली लिहिलं की चॉसरच्या कितीतरी ओळी अर्ध्या गणाने अपुऱ्या आहेत. १७७५ पासून संपादक टिर्‌व्हिटची आवृत्ती येऊ लागली, तेव्हा कुठे या ‘ई’ला पुन्हा आवाज मिळाला. मला टिर्‌व्हिटबद्दल फार आदर वाटू लागलाय.

आता अडचण. आठवी ओळ: हाथ् इन् द राम् हिस् हाल्फ् कूर्स् इ-रुन्न. सूर्याने मेष राशीतला अर्धा मार्ग संपवला. ‘हिस्’ आधी आहे, म्हणजे नियमाने ‘हाल्फ’ हवं, आणि यमकाचा शेवटचा ‘न’ मोजणीत धरत नाहीत, म्हणजे मोजलं तरी एक अक्षर कमीच पडतं. पण हेंगर्ट आणि एल्समीर, दोन्ही जुन्या हस्तलिखितांत ‘ई’ नाही. नंतरचा संपादक स्कीट याने आपल्या आवृत्तीत तो छापलाय. लेखनिकाने गाळला की कवीनेच तिथे थांबा ठेवला? चॉसरच्या हातचा कागद उरलेला नाही. माझा कौल स्कीटला, कारण पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला नकला करणाऱ्यांच्या कानात हा अ आधीच विरत चालला होता.

साधनांविषयी: मिशिगन विद्यापीठाचा मध्य-इंग्रजी (म्हणजे चॉसरच्या काळच्या इंग्रजीचा) कोश फुकट आहे आणि त्याला तोड नाही. आधुनिक स्पेलिंगच्या आवृत्त्या मात्र या कामासाठी घेऊ नका, त्यांत नेमका हाच ‘ई’ उडवलेला असतो. मी मागवलेल्या जुन्या प्रतीत शब्दसूचीची पानंच नव्हती, आणि विक्रेत्याने दोन पत्रांना उत्तर दिलेलं नाही.

पुढची नोंद महास्वरांतरावर, म्हणजे इंग्रजीचे दीर्घ स्वर पुढे कसे बदलले त्यावर, ठरली होती. पण लिहिता लिहिताच वाटतंय, आधी ‘टेल्स’च्या प्रस्तावनेतली (या अठरा ओळी तिच्याच) ‘द’ आणि ‘हिस्’नंतरची सगळी एकाक्षरी विशेषणं वेगळी काढावीत आणि वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथच्या ग्रंथालयाने ठेवलेल्या हेंगर्टच्या छायाचित्रांशी ताडावीत. लेखनिक इतर ठिकाणीही ‘ई’ गाळत असेल तर आठव्या ओळीचा निकाल लागेल. कोणाला साथ द्यायची असेल तर पहिल्या शंभर ओळी मी घेते, पुढच्या तुम्ही घ्या.