सीझननंतरची .३०८: नळी झाली, स्टॉक (दस्ता) बाकी

.३०८ कॅलिबरची रेमिंग्टन ७०० रायफल, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या नोव्हेंबरमधल्या नऊ दिवसांच्या डियर सीझनहून (हरणांच्या शिकारीच्या हंगामाहून) परतलेली, बर्फात भिजलेली. नवशिक्यांसाठी आतापर्यंतच्या कामाची नोंद.

गारठलेली रायफल उबदार घरात लगेच उघडली की लोखंडावर दव धरतं, पार बोल्टच्या, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याच्या, आतल्या स्प्रिंगपर्यंत. म्हणून रायफलची केस (पेटी) दोन-तीन तास बंदच ठेवली. रायफल रिकामी आहे ना, हे गाडीत ठेवतानाच पाहिलं होतं. तरी बोल्ट काढून चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती जागा, पुन्हा तपासलं, नजरेनं आणि बोटानंही.

नळी मागून, चेंबरच्या बाजूनंच साफ केली. बोअर गाइड (रॉड नळीच्या मधोमध ठेवणारी नळकांडी), कोटिंगचा अखंड रॉड. पुढून रॉड घालणं हीच सर्वांत महागात पडणारी सवय: तोंडाची कड, म्हणजे क्राउन, एका बाजूला झिजली की गोळी सुटताना गॅस तिथून आधी निसटतो आणि ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरचा गोळ्यांचा पुंजका, फाकतो. मग स्कोप कितीही फिरवा. नळीचं तोंड किंचित खाली हवं, नाहीतर सॉल्व्हंट (मळ विरघळवणारं द्रव) ओघळून ट्रिगरमध्ये उतरतं.

कार्बनसाठी होप्स नंबर ९ सॉल्व्हंट: ओला पॅच (कापडाचा तुकडा), ब्रॉन्झ ब्रशच्या दहा फेऱ्या, पंधरा मिनिटं थांबून कोरडे पॅच. ब्रश पूर्ण बाहेर आल्यावरच मागे ओढायचा. कार्बन निघाला, मग गोळ्यांच्या आवरणाचं नळीत चिकटलेलं तांबं. अमोनियाच्या सॉल्व्हंटनं पॅच गडद निळा आला, पुढचा फिका, मग पांढरा. जॅग (पॅच धरणारं रॉडचं टोक) पितळी असेल तर तोच विरघळतो आणि नळी स्वच्छ असूनही पॅच निळाच येत राहतो. इथे प्लास्टिकचा वापरलाय. बाटलीवर लिहिल्यापेक्षा जास्त वेळ हे सॉल्व्हंट नळीत ठेवू नका. खिडकी उघडी ठेवा.

बोल्टच्या लगांना (कुलपासारख्या अडकणाऱ्या खुंट्यांना) मागच्या बाजूनं मुगाच्या दाण्याएवढं ग्रीस. फायरिंग पिन जवळजवळ कोरडी: थंडीत तेल घट्ट होतं, पिनचा मार हलका पडतो, काडतूस उडत नाही. ट्रिगरमध्ये तेल अजिबात नाही.

बाकी: ॲक्शन स्क्रू (रायफलचा धातूचा भाग स्टॉकला धरणारे) सोडवून स्टॉकखालचं पाणी पुसणं. गंज तिथेच न दिसता धरतो. स्क्रू परत टॉर्क रेंचनं (ठरावीक जोरानं आवळणाऱ्या पान्यानं), कंपनीच्या आकड्यावर. त्यानंतर झिरो, म्हणजे स्कोपची नेम-जुळणी, हलू शकतो. रेंजवर आधी नळीतलं तेल कोरड्या पॅचनं काढायचं, पहिली गोळी हिशेबात धरायची नाही, पुढच्या तीन गोळ्यांवर झिरो तपासायचा.